ट्यून केलेली गाडी: बनवून घ्यायची की स्वतः बांधायची?

कारखान्यातून निघालेल्या गाडीत प्रत्येक भाग दुसऱ्या भागाला धरून बनवलेला असतो. टर्बो जेवढी हवा देतो तेवढ्या हवेला पुरेल इतकं इंधन इंजेक्टर देतात, त्यातून होणारी उष्णता रेडिएटर बाहेर टाकतो आणि तयार झालेला टॉर्क क्लच पेलतो. प्रत्येक ठिकाणी थोडी शिल्लक ठेवलेली असते, पण ती सगळीकडे सारखी नसते. ट्यूनिंग करताना, म्हणजे गाडीची शक्ती वाढवताना, आपण हीच शिल्लक खर्च करत असतो. गाडी ट्यूनरकडून बनवून घ्यायची की स्वतः बांधायची, हे ठरवताना लोक पैसा आणि वेळ यांचा हिशेब आधी मांडतात. त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते: या सगळ्या भागांचा एकमेकांशी मेळ बसवण्याची जबाबदारी कोणाची?

एक उदाहरण घेऊ. दोन लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, मूळ २०० बीएचपीचं (बीएचपी म्हणजे अश्वशक्ती). मालकाला ३५० हवेत. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका बीएचपीमागे मिनिटाला साधारण ६.३ सीसी इंधन लागतं, हा नेहमीचा ठोकताळा. ३५० बीएचपीला झाले सुमारे २,२०० सीसी, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला ५५०. पण इंजेक्टर सतत उघडा ठेवून चालत नाही, ८० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. त्यामुळे इंजेक्टर ६९० सीसीचा हवा, म्हणजे बाजारातला ७०० च्या आसपासचा.

आता पंप. मिनिटाला २,२०० सीसी म्हणजे ताशी १३२ लिटर. पंपाच्या खोक्यावर ताशी २५५ लिटर छापलेलं असेल तर दुप्पट सोय झाली असं वाटतं. पण तो आकडा कमी दाबावरचा असतो. इंधनाचा मूळ दाब ३ बार आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेवर आणलेला जादा दाब, १.४ बार धरला, तर रेग्युलेटर बूस्टच्या जोडीने दाब वाढवत नेतो आणि पंपाला ४.४ बारच्या विरुद्ध पेट्रोल ढकलावं लागतं. दाब वाढला की प्रवाह घटतो. त्यात पंपाचा आकडा बहुधा १३.५ व्होल्टवर मोजलेला असतो आणि जुन्या, बारीक वायरीतून पंपापर्यंत ११.५ व्होल्टच पोचत असतात. मग वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) सुरू होतं आणि पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटून पडते. टर्बो चांगला, इंजेक्टर चांगले, पंपही चांगला. इंजिन गेलं ते एका वायरीपायी.

ट्यून केलेल्या गाड्यांचे बहुतेक घोटाळे असे दोन भागांच्या मध्ये असतात. सुटे भाग विकणारा त्याच्या भागापुरता जबाबदार असतो. मधल्या जागेची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते, आणि गाडी बनवून घेताना आपण मुख्यतः त्याच जबाबदारीचे पैसे मोजतो.

आकडा नीट विचारा

'स्टेज १', 'स्टेज २', 'स्टेज ३' हे शब्द सर्रास वापरले जातात. ढोबळमानाने पहिल्यात फक्त ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, रीमॅप (आतले इंधन-इग्निशनचे आकडे बदलणं), दुसऱ्यात मोकळा एक्झॉस्ट, इनटेक आणि टर्बोची हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, तिसऱ्यात मोठा टर्बो आणि इंधनाची नवी यंत्रणा. पण याचं कुठलंही प्रमाण ठरलेलं नाही. एका ट्यूनरची स्टेज २ दुसऱ्याच्या स्टेज १ मध्ये बसू शकते, म्हणून स्टेजवर सौदा करू नका. भागांची यादी मागा.

बीएचपीच्या आकड्याचंही तसंच आहे. तो इंजिनवरचा आहे की चाकांवरचा? गिअरबॉक्स, डिफरेन्शियल आणि टायर यांत काही शक्ती खर्च होते, आणि चाकांवर मोजलेल्या आकड्यावरून इंजिनचा आकडा काढताना ही घट प्रत्येक जण आपल्या अंदाजाने धरतो. शिवाय हवामानाची दुरुस्ती असते. एसएई जे१३४९ या अमेरिकी मानकात २५ अंश तापमान धरतात, जर्मन डीआयएन ७००२० मध्ये २० अंश आणि जास्त दाब. त्याच गाडीचा आकडा दुसऱ्या पद्धतीत काही टक्के मोठा दिसतो. एकाच डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर), एकाच दुरुस्तीने, कामाच्या आधी आणि नंतर मोजलेला फरक तेवढा विश्वासाचा.

सगळ्यात महत्त्वाचा असतो टॉर्कचा आलेख, आणि तो फार थोडे लोक मागतात. ६,५०० आरपीएमला ३५० बीएचपी म्हणजे तिथे सुमारे ३८० न्यूटन-मीटर. पण टर्बो ४,००० आरपीएमलाच पूर्ण बूस्ट देत असेल आणि तिथे ४५० न्यूटन-मीटर निघत असतील, तर त्या क्षणी शक्ती जेमतेम २५३ बीएचपी असते. कनेक्टिंग रॉड मात्र तिथेच वाकतो, कारण सिलिंडरमधला दाब टॉर्कबरोबर चढतो. वरच्या आरपीएमची भीती वेगळी: पिस्टनचा झटका रॉडच्या बोल्टांना खेचतो आणि हा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. रेव्ह लिमिट ६,५०० वरून ७,५०० ला नेली की ताण ३३ टक्क्यांनी वाढतो, शक्ती वाढो न वाढो. मूळ रॉड ठेवायचे असतील तर जाणकार ट्यूनर खालच्या आरपीएमला बूस्ट मुद्दाम आवरून धरतो. असा आलेख दिसायला सपाट आणि कंटाळवाणा वाटतो. इंजिन टिकतं ते त्यामुळेच.

बनवून घेताना

ट्यूनरने पूर्ण जबाबदारी घेतली म्हणजे काय, याची ठळक उदाहरणं जर्मनीत आहेत. पोर्शवर काम करणाऱ्या रूफला १९८१ मध्ये आणि बीएमडब्ल्यूवर काम करणाऱ्या अल्पिनाला १९८३ मध्ये तिथे स्वतंत्र वाहननिर्माता म्हणून मान्यता मिळाली. रूफची १९८७ ची सीटीआर ४६९ अश्वशक्तीची होती, आणि अशा गाड्यांवर रूफचा स्वतःचा चॅसिस नंबर असे. बहुतेक ट्यूनर तिथपर्यंत जात नाहीत. म्हणून त्यांची जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे आपणच कागदावर आणावं लागतं.

तुमचंच मॉडेल, तुमच्याच इंजिनची अनेक कामं केलेला ट्यूनर निवडा. पहिल्या गाडीत जे फुटायचं ते त्याच्याकडे आधीच फुटलेलं असतं आणि त्याची किंमत कोणीतरी चुकवलेली असते. नामवंत पण तुमच्या इंजिनला पहिल्यांदा हात लावणाऱ्या माणसाकडे गेलात तर ती शिकवणी तुमच्या गाडीवर होते. जुन्या ग्राहकांच्या गाड्यांचे डायनो आलेख कोणीही दाखवतो. त्याच्याकडे डेटा लॉग मागा: पूर्ण थ्रॉटलला मिश्रण किती होतं, इनटेक हवेचं तापमान कुठवर गेलं, नॉक सेन्सरने इग्निशनचं टायमिंग कितीदा मागे ओढलं. गॅरेजात एक फेरी मारा. अर्धवट खोलून धूळ खात पडलेल्या गाड्या बऱ्याच असतील तर कारण विचारा. नव्या ग्राहकाच्या आगाऊ रकमेतून जुन्या ग्राहकाचे भाग मागवणारं गॅरेज असंच दिसतं.

करारात उद्दिष्ट असं लिहा की ते मोजता येईल. 'चाकांवर ३०० बीएचपी, अमुक ऑक्टेनच्या पेट्रोलवर, अमुक डायनोवर, सलग पाच वेळा ओढल्यावरही शक्ती पाच टक्क्यांहून जास्त न घसरता.' शेवटची अट मोलाची आहे. थंड गाडीवर एकदा मोठा आकडा काढणं सोपं असतं. लहान इंटरकूलरची गाडी तिसऱ्या खेपेला ढेपाळते.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि प्रत्येक टप्पा दिसणाऱ्या गोष्टीला बांधा. भाग आले आणि त्यांची बिलं तुमच्या नावावर झाली, तेव्हा एक हप्ता. इंजिन जोडल्यावर बेअरिंगचे क्लिअरन्स, रिंगचा गॅप, बोल्टांचे टॉर्क लिहिलेला मापांचा तक्ता हातात आला, तेव्हा दुसरा. गाडी सुरू झाली तेव्हा तिसरा. शेवटचे १५-२० टक्के मात्र गाडी रस्त्यावर निदान ५०० किलोमीटर चालून झाल्यावरच. ग्राहकाने मध्येच 'आता एवढं खोललंच आहे तर कॅमशाफ्टही बदला' म्हणणं हे उशिराचं सर्वांत नेहमीचं कारण, आणि त्यात दोष ग्राहकाचा असतो. असा प्रत्येक बदल किमतीसह आणि नव्या तारखेसह लिहून घ्या. लेथचं काम, बोअरिंग, होनिंग (सिलिंडरची भिंत दगडाने घासून मापात आणणं) बाहेर कोणाकडे जाणार तेही विचारा, आणि काढलेले जुने भाग परत मागा.

आणखी एक मुद्दा हमखास राहून जातो. ईसीयूतली फाइल कोणाची? अनेक ट्यूनर ती कुलूपबंद करतात. उद्या एखादा सेन्सर बदलला किंवा ट्यूनरने धंदा बंद केला तर दुसरा कोणी ती उघडू शकत नाही आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. कुलूप काढून मिळणार की नाही, हे पैसे देण्यापूर्वी ठरलेलं बरं.

स्वतः बांधताना

पान्यांचा सेट, जॅक आणि स्टँड यांच्यावर ब्रेक, सस्पेन्शन, एक्झॉस्ट, इंटरकूलर, क्लच इतकं सगळं होतं. गाडीखाली जाताना जॅकवर कधीच विसंबू नका, वजन स्टँडवरच हवं. हे सगळे भाग चुकले तर पुन्हा काढून बसवता येतात, म्हणून शिकायलाही चांगले.

यातही बारकावे आहेत. नवीन स्प्रिंग टाकताना कंट्रोल आर्मचे बोल्ट चाकं लोंबकळत असतानाच आवळले तर गाडी खाली ठेवल्यावर रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि थोड्याच काळात फाटतो. बोल्ट सैल ठेवा, गाडी चाकांवर उतरवा आणि मग आवळा. त्यानंतर अलाइनमेंट करावीच लागते, कारण गाडी खाली बसली की टो आणि कॅम्बर हे चाकांचे दोन्ही कोन बदलतात. ब्रेक फ्लुइड निवडताना उकळबिंदू पाहा: डॉट ४ ला कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश लागतात, ओलावा शोषल्यावर किमान १५५. डॉट ५.१ ला हेच २६० आणि १८०. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळू नये. ब्रेक, टायर आणि कूलिंग ही कामं शक्ती वाढवण्याच्या आधी करायची असतात. उलटा क्रम धरणारे फार आहेत.

इंजिन उतरवून खोलायचं ठरवलं की कामाची जातच बदलते. इथे पान्यापेक्षा मोजमाप मोठं. आधी मुळात काय हातात आहे ते पाहा. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये सिलिंडरांतला फरक १० टक्क्यांच्या आत असावा, आणि लीक-डाउन (सिलिंडरमध्ये भरलेल्या हवेची गळती) २० टक्क्यांच्या वर गेलं तर ट्यूनिंग बाजूला ठेवून दुरुस्तीचा विचार करावा. (ही तपासणी गाडी ट्यूनरला देण्यापूर्वीही करून घ्या, म्हणजे पुढे वाद होत नाही.)

रिंगचा गॅप हे मोजमापाचं चांगलं उदाहरण. रिंग सिलिंडरमध्ये बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजतात. टर्बो इंजिनसाठी बोअरच्या दर इंचाला ०.००५ ते ०.००६ इंच ही सर्वसाधारण मर्यादा, रिंग बनवणाऱ्याचा कागद वेगळं सांगत नसेल तर. ८६ मिलिमीटरच्या बोअरला मधला आकडा धरला तर ०.४७ मिलिमीटर येतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला त्याच बोअरवर ०.३४ च्या आसपास पुरतो. कोणी जुनंच माप ठेवून वर टर्बो बसवला, तर पूर्ण लोडवर रिंग तापून लांबते, टोकाला टोक भिडतं आणि पुढे जायला जागा नसल्याने ती सिलिंडरला ओरबाडते किंवा पिस्टनची कड उखडते. गॅप वाढवताना रिंगच्या एकाच टोकाला, बाहेरून आतल्या दिशेने कानस लावायची आणि शेवटी धार हलकेच मोडायची. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये मोजायची आणि तिथेच वापरायची.

बेअरिंगच्या क्लिअरन्सला ढोबळ नियम दर इंच जर्नलमागे (जर्नल म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकशाफ्टचा भाग) एक हजारांश इंच, म्हणजे ५५ मिलिमीटरच्या जर्नलला सुमारे ०.०५५ मिलिमीटर. हे मायक्रोमीटर आणि बोअर गेजनेच मोजावं. प्लास्टिगेजच्या, दाबून सपाट होणाऱ्या, पट्टीने खात्री करता येते, पण सगळा भार तिच्यावर टाकू नये. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन घेतले तर मिश्रधातू कोणता ते विचारा: २६१८ मध्ये सिलिकॉन अगदी कमी, तो चिवट असतो पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून भिंतीपाशी जास्त मोकळीक लागते आणि थंड असताना पिस्टन खडखडतो. ४०३२ मध्ये सिलिकॉन सुमारे १२ टक्के. तो घट्ट बसवता येतो, आवाज कमी करतो, पण नॉकिंग कमी सोसतो. होनिंग करणाऱ्याला पिस्टन आधी नेऊन द्यावे लागतात, कारण तो भोक पिस्टनच्या मापाने करतो.

होनिंगहून आलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण नसतो. दगडाची बारीक भुकटी रेघांमध्ये अडकलेली असते आणि पेट्रोलने किंवा डिझेलने धुतल्यास ती तिथेच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासा, नंतर पांढरं कापड तेलात बुडवून सिलिंडर पुसा. कापडावर राखाडी छटा उमटली तर पुन्हा धुवा. कापड पांढरंच निघेपर्यंत हे चालू ठेवायचं आणि लगेच तेल लावायचं, नाहीतर काही मिनिटांत गंज धरतो.

बोल्टांचं म्हणाल तर, एकदा ताणून बसवायचे हेड बोल्ट पुन्हा वापरू नका. स्टड वापरत असाल तर टॉर्कचा आकडा कुठल्या वंगणाचा आहे ते कागदावर वाचा. ठरलेल्या वंगणाऐवजी साधं इंजिन ऑइल लावलं तर घर्षण बदलतं, आणि रेंच तोच आकडा दाखवत असूनही पकड वेगळी बसते.

वायरिंग हौशी माणसाला सर्वांत सोपं वाटतं आणि सर्वांत जास्त दिवस तेच छळतं. इंजिनवरच्या वायरी सोल्डर करण्याऐवजी योग्य क्रिंपरने क्रिंप करा, कारण सोल्डरच्या कडेला वायर कडक होते आणि कंपनाने तिथेच तुटते. ईसीयूची सेन्सर अर्थ आणि इंजेक्टर-कॉइलची अर्थ एकत्र बांधू नका. पंपाला बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेतून वेगळी जाड वायर द्या आणि पंप चालू असताना थेट त्याच्या टोकावर व्होल्टेज मोजा.

दोन कामांना मात्र स्वतः हात घालू नये असं स्पष्ट मत आहे. एक, ब्लॉक आणि हेडचं मशीनिंग. दुसरं, रोल केजचं (गाडीतल्या संरक्षक पोलादी सांगाड्याचं) वेल्डिंग, ज्याच्यावर जीव अवलंबून असतो.

मॅपिंग

गाडी कोणीही बांधो, पहिल्या इंजिनचं मॅपिंग, म्हणजे ईसीयूतले आकडे बसवणं, बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावं. हवा-इंधनाचं रासायनिक प्रमाण पेट्रोलसाठी १४.७ ला १, म्हणजे लॅम्डा १. पूर्ण बूस्टवर ते ०.७८ ते ०.८२ च्या आसपास, म्हणजे साधारण साडेअकरा ते बारा, इतकं दाट ठेवतात, कारण जास्तीचं इंधन ज्वलनकक्ष थंड ठेवतं. हे आकडे पाठ करणं सोपं आहे. नॉकिंगच्या किती अलीकडे इग्निशनचं टायमिंग ठेवायचं, ते कान, यंत्र आणि सवय यांतून येतं, आणि चुकीची किंमत एका सेकंदात चुकवावी लागते.

मॅपिंगला नेण्यापूर्वी गाडी तयार असावी. धुराच्या मशीनने बूस्ट लीक तपासा. स्पार्क प्लग एक दर्जा थंड (उष्णता लवकर सोडणारे) घ्या आणि गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटरवर आणा, कारण जास्त दाबात ठिणगी मोठी फट ओलांडत नाही. इंजेक्टरच्या डेड टाइमचा (विजेचा इशारा मिळाल्यावर तो उघडायला लागणाऱ्या वेळाचा) तक्ता बरोबर न्या. स्वतंत्र ईसीयू असेल तर बेस टायमिंग स्ट्रोब लाइटने जुळवून घ्या. ते पाच अंशांनी चुकलेलं असेल तर पुढचा सगळा मॅप पाच अंशांनी चुकतो. एमएपी सेन्सरची (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरची) कमाल पाहा. १.४ बार बूस्ट म्हणजे वातावरणाचा दाब धरून २.४ बार. मूळ सेन्सर २.५ वर संपत असेल तर बूस्ट उसळल्यावर ईसीयूला ते कळणारच नाही, म्हणून ३ बारचा सेन्सर आधीच बसवा.

पूर्ण थ्रॉटलचा मॅप लवकर होतो. थंडीत सुरू होणं, तापलेली गाडी बंद करून पुन्हा सुरू होणं, सिग्नलला स्थिर राहणं, हळू वेगात न गचकणं या गोष्टींना अनेक दिवस लागतात, आणि गाडी रोज त्याच अवस्थांत चालते. तेवढा वेळ भावात धरला आहे का, ते विचारा.

मग काय निवडावं?

मोजायची सवय, बंदिस्त जागा आणि गाडी महिनोन्महिने बंद ठेवण्याची तयारी असेल तर सुटणारे भाग स्वतः बसवा, मशीनिंग आणि मॅपिंग बाहेर द्या. बहुतेकांसाठी हाच सर्वांत चांगला मार्ग आहे. रोज वापरायची एकच गाडी असेल तर ती खोलू नका, ट्यूनरकडे द्या. स्वतः केल्याने पैसे वाचतात असं मानून सुरुवात करणाऱ्यांनी हत्यारं, मोजमापाची साधनं, चुकीचे मागवलेले भाग आणि दुसऱ्यांदा घेतलेली गॅस्केट हिशेबात धरावीत. अंदाजाच्या वर निदान तिसरा हिस्सा राखून ठेवा. बाहेर दिलं तरी राखीव लागतेच, कारण इंजिन खोलल्याशिवाय आतलं कोणालाच दिसत नाही.

कागदपत्रं कामाआधी पाहा. जर्मनीत बदल तपासून घेऊन गाडीच्या कागदांत नोंदवावे लागतात, ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर येण्याआधी स्वतंत्र तपासणी द्यावी लागते, आणि काही देशांत नियम याहून कडक आहेत. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो.

नवीन जोडलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंजेक्टर आणि कॉइल यांचे कनेक्टर काढून स्टार्टरने फिरवा आणि ऑइलचा दाब आल्यावरच जोडा. सुरू झाल्यावर तासन्‌तास आयडलवर ठेवू नका. रिंग भिंतीला बसायला सिलिंडरमध्ये दाब लागतो, म्हणून मध्यम लोड देत आणि सोडत चालवा. पहिलं ऑइल अर्ध्या तासानंतर बदला, दुसरं ८०० किलोमीटरला. दोन्ही वेळा फिल्टर कापून घडी उलगडा. सुरुवातीला थोडी राखाडी चकाकी असतेच. चुंबकाला चिकटणारे कण रिंग, कॅम किंवा गिअरकडचे. न चिकटणारे चकचकीत किंवा तांब्याच्या रंगाचे पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगचे आहेत. गाडी तिथेच थांबवा आणि संप (इंजिनखालची तेलाची टाकी) उतरवा. ट्यूनरने बनवली असेल तर फिल्टर तसाच पिशवीत घालून त्याच्यासमोर ठेवा, शेवटचा हप्ता देण्यापूर्वी.